पट्टी वर येईना

देवव्रत सरांनी गोरक्षचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि खिडकीच्या उजेडात नेला. बैलाच्या खुरात काटा मोडलाय का ते बघावं तसा उलटापालटा करून बघितला.

"गोरक्षराव, हे काय करताय तुम्ही?"

"काय सर?"

"पियानोची पट्टी दाबून झाली की बोट तिच्या कडेखाली घालताय आणि तिला वर ओढताय. नखानं. एकूण एक पट्टी. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही नुसते तालात मागे पडता."

गोरक्ष स्वतःच्या बोटांकडं बघत बसला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, पुन्हा वाजवा. त्यानं पहिली ओळ पुन्हा वाजवली आणि आता त्यालाही दिसलं. बोट खाली जायचं, सूर निघायचा, आणि पुढच्या पट्टीवर जायच्या आत बोट आकड्यासारखं वाकून तीच पट्टी उपटायला बघायचं. पट्टी तर कधीच आपली आपण वर आलेली असायची. बोट नुसतं हवेत झटका खायचं. तेवढ्यात पुढचा सूर उशिरा पडायचा. मग त्याच्या पुढचा.

"आमच्या पियानोच्या पट्ट्या पावसाळ्यात फुगत्यात सर. दाबली की तिथंच बसती. वर येत नाय. ओढावी लागती."

"हा माझा पियानो आहे. ह्याच्या येतात."

"व्हय सर."

"तुमच्या हाताला ते कळत नाहीये."

सर मूळचे पंचवटीतले. घरात पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंची पूजा सांगायचं काम. ह्यांनी मात्र तरुणपणी पुण्याला जाऊन पियानो शिकून घेतला, नाशकात परत येऊन कॉलेज रोडला क्लास काढला आणि उभं आयुष्य त्यात घातलं. आता वय झालं. मुलगी कॅनडात, ती बोलवत होती. पोळा झाला की येणाऱ्या रविवारी क्लासचा शेवटचा कार्यक्रम, एका शाळेच्या हॉलमध्ये, मोठा आडवा पियानो आणून. त्यानंतर सर विमानात बसणार होते.

"पोळ्याच्या आदल्या रविवारी या," सर म्हणाले. "सबंध तुकडा मधे न थांबता, न ओढता वाजवलात तर कार्यक्रमात तुम्ही. नाही जमलं तर नाही. वाईट वाटून घेऊ नका. ह्या बाबतीत मी माझ्या सख्ख्या भाचीलाही सोडलेलं नाही."

"कसं सुटंल सर हे?"

"पियानो कोरडा करा. पट्ट्या मोकळ्या झाल्या की हात आपोआप विसरेल. आत, खालच्या बाजूला एक बल्ब लावून ठेवा, पिवळा, जुना. त्याची ऊब पुरते. आणि ऐका, बल्ब म्हणजे बल्ब. दुसरं काही करायला जाऊ नका. ते लाकूड नाजूक असतं."

गोरक्षनं मान हलवली. नाशिकरोडला येऊन गाडीत बसला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की गाडीच्या खिडकीची पट्टीसुद्धा त्याचं बोट खालून उचकटून बघत होतं.

गोरक्ष घोटीच्या बाजूच्या एका वाडीतला. बापाची भाताची खाचरं धरणात गेली आणि त्या बदल्यात याला रेल्वेत नोकरी लागली. इगतपुरीच्या यार्डात पॉइंट्समन. कसाऱ्याहून घाट चढून गाडी आली की तिला मागनं रेटणारी इंजिनं सोडवायची. गाडी आणि इंजिनाच्या मधे वाकायचं, लोखंडी साखळा उपसायचा, हिरवी बावटी दाखवायची. हाताची बोटं अशी की शेजारणीनं एकदा विचारलं होतं, गोरखभाऊ, अंगठीचं माप काय सांगता हो सोनाराला?

पियानोचा नाद लागला तो एका पावसात. इगतपुरीला गोऱ्या साहेबांच्या काळातला एक क्लब होता. त्यात एक उभा पियानो कधीपासून पडून होता. त्याच्यावर लोक कॅरमचं फळकूट ठेवायचे, ओल्या छत्र्या टेकवायचे. एक दिवस कुणा जुन्या ड्रायव्हरची म्हातारी झालेली मुलगी परदेशातनं बापाची जागा बघायला आली. छत्र्या बाजूला करून बसली आणि तिनं एक तुकडा वाजवला. निम्म्या पट्ट्या मुक्या. गोरक्ष ड्युटी संपवून पागोळीखाली उभा होता, हातात पिळलेली बावटी. तुकडा संपेपर्यंत तो हलला नाही. बाई निघाली तेव्हा यानं विचारलं, बाई, हे कोणाचं? ती म्हणाली, एका जर्मन माणसाचं. मरून अडीचशे वर्षं होऊन गेली त्याला.

त्या दिवसापासून घरात त्या माणसाचं नाव जर्मन म्हातारा पडलं.

नाशकात दोन-तीन ठिकाणी गोरक्षनं क्लासची चौकशी केली. सगळीकडं एकच प्रश्न, "मुलगा कितवीत आहे तुमचा?" मला शिकायचंय म्हटलं की समोरचा माणूस पाणी विचारायचा आणि विषय बदलायचा. एकट्या देवव्रत सरांनी बसवून घेतलं. क्लब पाडायला काढला तेव्हा पियानो व्हरांड्यात येऊन पडला. साहेबाची परवानगी घेऊन गँगमधल्या गड्यांनी तो पहारी आणि जाड दोर लावून, रूळ सरकवतात तसा "होऽ हैय्या" करत क्वार्टरमध्ये आणून टाकला. मुंबईहून एक म्हातारा कारागीर येऊन तो लावून गेला. त्यानं मुक्या पट्ट्या बोलत्या केल्या आणि जाताना म्हणाला, ह्या गावात हा टिकायचा नाही.

तरी टिकला. उन्हाळ्यात गुण्यागोविंदानं वाजायचा. पाऊस लागला की अंगात पाणी धरायचा. कितीतरी पावसाळे गोरक्षनं पट्ट्या नखानं उपटत तो एकच तुकडा घोटला होता. आणि आता कळत होतं की तो तुकडा घोटत नव्हता, उपटायचंच घोटत होता.

घरी आला तेव्हा आई, कुसाबाई, दारात बसून लसूण सोलत होती.

"काय म्हनलं मास्तर?"

"पियानो वाळवायला सांगितलाय."

"मंग उन्हात टाक," कुसाबाई म्हणाली आणि बाहेर बघून दात नसलेल्या तोंडानं हसली. बाहेर समोरची क्वार्टर दिसत नव्हती एवढं धुकं आणि पाणी.

बायको सुमन आतून म्हणाली, "आत्याबाई, दोरीवरची चड्डी सा दिवस झालं वाळंना, आन् ते खोकं कुटं वाळतंय."

पिवळा बल्ब मिळवणं काही सोपं निघालं नाही. इगतपुरीतल्या दुकानात सगळे पांढरे, थंड बल्ब. दुकानदार म्हणाला, तो जुना माल आता कोण ठेवतं, बिल किती येतं त्याचं. भिमाजी गोरक्षच्या जोडीला यार्डात होता, त्यानं डोकं चालवलं.

"पोल्ट्रीवाल्याकडं जा. पिल्लांना ऊब द्यायला लावत्यात ते."

घोटीच्या अलीकडं गोटीरामची पोल्ट्री होती. गोटीरामनं बल्ब काढून दिले आणि विचारलं, "किती पिल्लं टाकली?"

"पिल्लं नाय. पियानोला पाहिजेल."

"तो अंडी देतो व्हय?"

"अजून तरी नाय दिलं," गोरक्ष म्हणाला आणि बल्ब टॉवेलात गुंडाळून घेऊन आला.

पियानोची खालची फळी काढून त्यानं बल्ब आत टांगले. बाजूच्या फटीतनं पिवळा उजेड बाहेर यायला लागला. कुसाबाई त्याच्याकडं तोंड करून बसायची, म्हणायची देव्हाऱ्यागत दिसतंय. चार-पाच दिवसांत वरच्या बाजूच्या पट्ट्या ढिल्या पडायला लागल्या. मधल्या अजून चिकट होत्या, पण दाबल्यावर हळूहळू, आळस देत वर यायला लागल्या. गोरक्षला जेवण गोड लागायला लागलं. बोट वाकायला गेलं की तो त्याच बोटावर डाव्या हातानं चापट मारायचा. ड्युटीवरही तेच. भिमाजी म्हणायचा, "गोरख, साखळा नीट उपस. त्याला उपटायचाच असतोय, तिथं नको विसरू."

मग श्रावण लागता लागता घाटात झाडं पडली. विजेची लाईन कुठंतरी दरीत गेली. क्वार्टरमधले दिवे गेले ते गेलेच. स्टेशनाला जनरेटर होता, घराला नव्हता. वायरमन म्हणाला, दरीत पाणी एवढं आहे की माणूस उतरवता येत नाही, दोन दिवस धरा. दोन दिवसांचे चार झाले. चाराचे किती झाले ते मोजायचं गोरक्षनं सोडलं. पियानोच्या पोटातले बल्ब फुटक्या डोळ्यासारखे लोंबत राहिले आणि पट्ट्या पुन्हा फुगल्या. ह्या वेळी आधीपेक्षा वाईट. दाबलेली पट्टी खाली बसायची आणि शेजारणीलाही घेऊन बसायची.

गोरक्षची झोप गेली. तो साध्या बोलण्यावर भडकायला लागला. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवलं. आयुष्यात त्यानं ताट सरकवलं नव्हतं. कामावर एकदा बावटी दाखवायची विसरला, भिमाजीनं पळत येऊन दाखवली आणि पहिल्यांदाच थट्टा न करता बोलला, "गोरख, त्या जर्मनापायी कुणाचा तरी जीव घेशील."

पोळ्याच्या आदल्या रविवारला आता फार दिवस उरले नव्हते.

ज्यांनी इगतपुरी-घोटीचा पाऊस काढलाय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडं पावसात कपडे दोरीवर वाळत नाहीत. शेगडीत कोळसे फुलवायचे, त्यावर राख टाकायची, शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि डालग्यावर कपडे पसरायचे. बाळाची दुपटी, शाळेचे गणवेश, रेल्वेचा निळा शर्ट, सगळं ह्याच डालग्यावर वाळतं. सगळ्या गावाच्या कपड्यांना धुराचा वास येतो आणि कुणालाच तो येत नाही.

त्या दुपारी सुमन डालग्यावर गोरक्षची पँट उलटीसुलटी करत होती. गोरक्ष पियानोसमोर बसला होता, हात मांडीवर. सुमन म्हणाली,

"हीच ठिवा ना त्याच्या खाली."

"काय?"

"शेगडी. कापडं वाळत्यात तर लाकूड नाय वाळायचं?"

"सर नको म्हणलेत. बल्ब सोडून दुसरं काय करायचं नाय म्हणले."

सुमननं पँट झटकली. "सर नाशकात ऱ्हात्यात."

गोरक्षला ते पटलं. नाशकात पाऊस येतो आणि जातो. माणसं छत्री विसरून घरी येतात. सरांना काय ठाऊक, मिठाचं पाणी कसं होतं, भिंतीला शेवाळ कसं धरतं, गादीतून बुरशीचा वास कसा येतो. त्यानं कुसाबाईकडं बघितलं.

"आई?"

"माझ्या बाळंतपणात तुला बी असाच शेकला व्हता," कुसाबाई म्हणाली. "तुला काय झालं?"

केलं तिघांनी मिळून. निगुतीनंच केलं. कोळसे फार फुलवले नाहीत, वर राखेचा जाड थर दिला. शेगडी पियानोच्या पोटात, खालच्या मोकळ्या जागेत सरकवली. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून पुढून गोधडी सोडली. गोरक्ष स्वतः समोर बसून राहिला, मधून मधून हात घालून बघायचा, जास्त तापलंय का. भाकरी तव्यावर टाकून बाई बसते तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मधली पट्टी दाबली आणि सोडली, तर ती टक करून वर आली. नुसती वर आली नाही, उडी मारून आली. गोरक्षनं पुढची दाबली. तीही. त्यानं सगळ्या दाबून बघितल्या, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, पोरगं कुंपणावरनं काठी घासत जातं तशा. एकही अडली नाही.

त्या दिवशी त्यानं तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. बोट दोनदाच वाकलं. संथ होता, पण सबंध होता. सुमन पीठ मळता मळता थांबली. कुसाबाई म्हणाली, "आज पयल्यांदा ह्याचं रडगाणं पुरं झालं."

तिथं थांबायला पाहिजे होतं. पण बाहेर पाऊस थांबत नव्हता, आणि शेगडी काढली की पट्ट्या पुन्हा फुगतील असं गोरक्षला वाटत होतं. त्यानं शेगडी चालूच ठेवली. विझत आली की सुमन नवे कोळसे टाकायची. राखेचा थर कधी पातळ पडला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गोरक्ष रोज वाजवायचा आणि बोट आता एखाद्याच वेळी वाकायचं.

जेवायला बसले असताना आवाज झाला. चुलीत हिरवा बांबू फुटावा तसा. मग जरा वेळानं दुसरा. गोरक्ष तोंडातला घास तसाच ठेवून उठला.

पियानोच्या मागची मोठी फळी, जिच्यामुळं सूर घुमतो, ती वरपासून खालपर्यंत उभी तडकली होती. फटीत बोट जाईल एवढी. तारा ज्या खुंट्यांना ताणलेल्या असतात त्या खुंट्या सुकलेल्या लाकडात सैल झाल्या होत्या. त्यानं एक पट्टी दाबली. सूर आला नाही. पत्र्यावर खडा पडल्यासारखं काहीतरी आलं, आणि त्याच्या मागून एक भणभण, डब्यात अडकलेल्या माशीची. दुसरी दाबली, ती वेगळ्याच गावाला निघालेली.

पट्ट्या मात्र टक टक करून वर येत होत्या. एकदम झकास.

सुमन त्याच्या मागं येऊन उभी राहिली. तिनं खाली वाकून शेगडी बाहेर ओढली, दारापाशी नेली आणि निखारे अंगणातल्या पाण्यात ओतले. मोठा चर्र आवाज झाला आणि वाफ वर आली. परत आत येऊन ती म्हणाली,

"मी सांगितलं, तुमी ऐकलं. दोघांचं बी डोकं एकाच भट्टीतलं."

तिला गोरक्षनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्यानं नुसता तोंडातला घास गिळला.

मुंबईच्या कारागिराला फोन लावला. म्हातारा म्हणाला, फळी तडकली असेल तर संपलं, आता त्यात कपडे ठेवा. सरांना फोन लावायची गोरक्षची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी तो पुन्हा पियानोसमोर बसला. सुमनला वाटलं, याचं डोकं फिरलं. त्यानं तिच्या एका जुन्या लुगड्याचा तुकडा मागितला, वरचं झाकण उघडलं आणि तो तुकडा तारा आणि हातोड्यांच्या मधे आडवा खोवला. मग वाजवायला लागला. आवाज असा नाहीच. नुसतं लाकडावर लाकूड, टक टक टक. पट्ट्या मोकळ्या होत्या ना. बोटांना तेवढंच पाहिजे होतं. सूर त्याच्या डोक्यात होते, बाहेर ऐकायची त्याला गरज नव्हती, असं त्याला वाटत होतं. उलट ती भणभण कानावर आली की हातच थांबायचा.

मग दिवस नाही आणि रात्र नाही, ड्युटी सोडून सगळा वेळ टकटकच. खिडक्या लावून घ्यायच्या, दमट हवा आत येऊ द्यायची नाही. घरात जीव गुदमरायचा. शेजारीण म्हणाली, सुतारकाम काढलंय का तुमच्याकडं? कुसाबाई म्हणाली, "माझा मामा तमाशात पेटी वाजवायचा, त्याला बाई लागली व्हती. ह्याला लाकूड लागलं." आणि मग हळूच सुमनला म्हणाली, "ह्याला भगताकडं न्यायचा का?"

"नाशिकला न्यायचाय," सुमन म्हणाली. "तिथनं वाचला तर बघू."

रविवार आला. गोरक्ष धुराच्या वासाचा पांढरा शर्ट घालून निघाला, तर सुमनही पदर खोचून तयार.

"तू कशाला?"

"तुमचं चित्त ठिकाणावर नाय. रूळ वलांडता येनार नाय तुमाला."

"मी रुळावरच काम करतो."

"म्हनूनच."

गाडीत सबंध वेळ तो खिडकीच्या लाकडावर बोटं चालवत होता. सुमननं मोजलं नाही, पण देवळाली जाईपर्यंत त्याचा तुकडा बऱ्याच वेळा संपून पुन्हा सुरू झाला असणार.

सरांच्या घरी निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. भिंतीवरच्या फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. खोलीच्या मधे पियानो तेवढा उघडा. सुमन दाराशी चपलांजवळच्या खुर्चीवर बसली. सर म्हणाले, "ताई, आत बसा." ती म्हणाली, "इथंच बरं हाय."

"कोरडा झाला का पियानो?" सरांनी विचारलं.

"झाला सर," गोरक्ष म्हणाला. खोटं नव्हतं ते.

"बोटं?"

"सुधारली सर. बघा तुमी."

तो बसला. शर्टाला हात पुसले. पहिली पट्टी दाबली.

आणि आवाज आला.

त्याला ठाऊक होतं आवाज येणार म्हणून. तरी तो आला तो असा की गोरक्ष मुळातून हादरला. भरलेला, खोल, सगळ्या खोलीत पसरणारा. इतके दिवस नुसत्या टकटकीवर हात बसवलेला. आता बोटाखाली टक नाही, हे भलतंच काहीतरी. त्यानं दुसरी दाबली, तिसरी दाबली. आवाज आधीच्या आवाजावर चढायला लागला. कानाला वाटलं की पहिला सूर अजून वाजतोय म्हणजे पट्टी खाली अडकलीय. आणि बोट वाकलं. उपटायला.

पहिल्या पानाच्या खाली तो थांबला.

"सर, परत एकदा."

"घ्या."

दुसऱ्या वेळी तो पहिल्या ओळीतच अडकला. घाम कपाळावरून पट्ट्यांवर पडला. त्यानं शर्टाच्या बाहीनं पट्टी पुसली. "परत एकदा सर, येतं मला. घरी येतं."

"मला माहितीये येत असेल."

तिसऱ्या वेळी दोन्ही हात एकदम उपटायला लागले. आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत पोरांना रोपांचा वाफा दिला की कशी पटापट रोपं उपटतात, तसे. सूर कुठं, हात कुठं. गोरक्षनं दोन्ही हात पट्ट्यांवरनं उचलून छातीशी धरले.

"सर, एक करा. ह्याच्यात फडकं घाला."

"काय?"

"वरनं फडकं घाला सर, हातोड्यांच्या मधे. फडकं घातलं की येतं मला. सबंध येतं. विचारा हिला."

दाराशी बसलेल्या सुमननं मान खाली घातली.

सर म्हणाले, "मग लोकांनी काय ऐकायचं, गोरक्षराव?"

सरांनी त्याचा हात पुन्हा मनगटाला धरला, ह्या वेळी उजेडात नेला नाही, नुसता धरून ठेवला.

"पियानोला काय झालं?"

मग त्यानं सांगितलं. शेगडी, राख, गोधडी, फळी, लुगड्याचं फडकं, सगळं. सरांनी डोळे मिटले. रागावले नाहीत. रागावले असते तर त्यानं उलट काहीतरी बोलून मन मोकळं केलं असतं.

"मी सांगितलं होतं," सर शेवटी म्हणाले.

"व्हय सर. पण तुमी नाशकात ऱ्हाता."

सर म्हणाले, कार्यक्रमाला नक्की या, पुढच्या रांगेत जागा ठेवतो. "नाही" असं त्यांनी कुठंच म्हटलं नाही, पण झालं ते तेच.

"जायचं नाय," गोरक्ष घरी आल्यावर म्हणाला. सुमननं ऐकलं नाही. म्हणाली, मास्तर परदेशाला चाललाय, इतकी वर्षं फुकाट चहा पेलो आपण त्याच्याकडं, तोंड तरी दाखवून येऊ. पोळा झाला, रविवार आला, ती त्याला घेऊन गेली.

शाळेचा हॉल पालकांनी भरला होता. स्टेजवर काळा, आडवा पियानो, तोंड दिसेल एवढा चकचकीत. बरीच मुलं येऊन वाजवून गेली. मग सरांनी स्वरदा नावाच्या मुलीला बोलावलं. सहावी-सातवीतली असेल, केसांना दोन रिबिनी. तिनं बसून स्टूल सरकवलं आणि जर्मन म्हाताऱ्याचा तुकडा सुरू केला. तोच.

चुकली नाही. कुठंच नाही. तिची बोटं पट्टीवर पडायची आणि उचलली जायची, जणू पट्टीला आणि बोटाला एकमेकांकडून काहीच नको होतं.

गोरक्ष समोर बघत होता. त्याचे दोन्ही हात गुडघ्यावर. बोटं तिच्याबरोबर चालली होती, एकेक सूर धरून. आणि प्रत्येक सुरानंतर बोट वाकून पँटीचं कापड चिमटीत धरून वर ओढत होतं. शेजारची बाई वळून बघायला लागली. सुमननं त्याच्या हातावर जोरात चापट मारली.

"हात आवरा. लोकं बघत्यात."

त्यानं हात काखेत दाबून धरले. तिथंही बोटं चालूच राहिली, ते त्याला कळत होतं आणि तिलाही. टाळ्या झाल्या तेव्हा त्याला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

त्यानंतर सर कॅनडाला गेले. नाशकात त्यानं एक-दोन ठिकाणी पुन्हा विचारून बघितलं. मुलगा कितवीत आहे, असं तिथल्या लोकांनी विचारलं.

घरात पियानो तिथंच राहिला. सुमननं एकदा विचारलं, फोडून जळणाला घ्यायचा का, तर गोरक्ष तिच्याकडं अशा नजरेनं बघत राहिला की तिनं परत विचारलं नाही. शेगडी डालग्याखाली परत गेली. दिवे आले, पण बल्ब कुणी लावले नाहीत. भाद्रपदातला पाऊस उघडझाप करत होता, खिडक्या उघड्याच असायच्या. तडकलेल्या फळीनं पहिल्यापेक्षा जास्त पाणी धरलं.

एका दुपारी ड्युटीवरनं येऊन गोरक्ष ओल्या कपड्यांनीच त्याच्यासमोर बसला. झाकण उघडून लुगड्याचा तुकडा ओढून बाहेर काढला. मधली पट्टी दाबली. पत्रा वाजला, माशी भणभणली. पट्टी खाली गेली ती खालीच बसली.

बोट आपलं आपण वाकलं, नख कडेखाली गेलं आणि पट्टी वर आली.

त्यानं दुसरी दाबली. ती वर ओढली. मग तिसरी.

आतल्या खोलीतून कुसाबाईनं सुमनला विचारलं, "चालू झालं का गं परत?"

"झालं," सुमन म्हणाली, आणि डालग्यावरचा त्याचा शर्ट उलटा केला.